उजेडाची तपासणी

रिकामा डबा आला की आधी मी आत जातो.
बाहेरून गफूर तडवी दार लावतो, दांडे फिरवतो
आणि पत्र्यावर दोन थापा मारतो :
झालं. बघा आता.
आत मी, आणि वीस फूट काळोख.
काम एवढंच की उजेड शोधायचा.
सापडला तर डबा नापास.

वास घेणंही कामातच धरलंय.
लवंग, टायर, ओलं चामडं,
कुठल्यातरी बंदरातली मासळी, जी सातदा धुतली तरी
सुरतेवरून, नंदुरबारवरून इथवर येते.
घरी चारुलता कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते,
विचारते, धूर बरोबर लागला का?
मी हो म्हणतो.
माझं नाक डेपोतच राहिलेलं असतं.

डब्याचं नाव : चार अक्षरं, सात आकडे.
सातवा आकडा पहिल्या सगळ्यांवर नजर ठेवतो,
एकही चुकीचा लिहिला तर तो पकडून देतो.
आमच्या घराण्यात असा कुणी नव्हता.

तर, मे महिना. भुसावळचा.
दांड्याला हात लावायला रुमाल लागतो असा.
गफूरनं दार लावलं, थापा मारल्या,
आणि तेवढ्यात रॅक लागली :
पंचेचाळीस वाघिणी, नव्वद डबे,
वेळेत उतरवले नाहीत तर रेल्वे तासातासाचा दंड लावते.
हाक आली. तो पळाला.
मी आत.

आधी घाम. मग थोडी भीती, खोटं कशाला बोलू.
मग डोळे सरावले
आणि डाव्या भिंतीत, छातीच्या उंचीला,
मिरीच्या दाण्याएवढा उजेड दिसला.
नापास, मी मनात लिहिलं.
खडू काढायला वळलो, तर समोरच्या भिंतीवर
एक डाग.
डाग हलला.

रूळ वर होते. त्यांना खाली वाघिणी लोंबत होत्या.
आभाळ माझ्या बुटांपाशी, फिकट, तापलेलं.
स्टॅकर निळा डबा उचलत होता, म्हणजे इथे
तो डबा बुडत होता,
सावकाश, विहिरीत पोहरा जावा तसा.
आणि गफूर! पिवळं हेल्मेट खाली, पाय वर,
छताच्या कडेनं धावत,
पत्र्याच्या प्रत्येक नालीत मोडत
आणि पुन्हा जुळत.
आवाज मात्र सगळे सरळच येत होते.

बावीस वर्षं या यार्डात काढली.
हे असं दिसतं, हे ठाऊक नव्हतं.

किती दिवस दाखवत असेल हा डबा?
मुंद्रा दाखवलं असेल, जेबेल अली, मोम्बासा,
रात्रीच्या बंदरातले उलटे दिवे.
भरलेला असताना ते सगळं
खोक्यांच्या पाठीवर पडत असणार,
धरणगावच्या कापसाच्या गठाणींवर,
आणि गठाणी काय बघणार.

अकरा मिनिटांनी दांडे वाजले.
“इसरलोच भो तुम्हाले! सापडलं का काही?”

मी फॉर्म भरला.
डावी भिंत, तळापासून चार फूट, छिद्र एक.
एवढ्याशातून पावसाळी समुद्र आत येतो;
एक गठाण भिजली की पलीकडचा माणूस
शंभर गठाणींना नाक मुरडतो.
दुरुस्तीला. सही. तारीख.
वेल्डिंगवाला झांबरे जेवायला गेला होता,
चार घास तरी लागणार होते त्याला.

मी गफूरला म्हटलं, तू आत जा.
“मी? काहून?”
जा तर. दार मी लावतो.

दांडे मी फिरवले, तळवा भाजला.
मग त्या छिद्रापासून पंधरा पावलं मोजून
उन्हात उभा राहिलो, फॉर्म काखेत,
आणि हात हलवला.

बराच वेळ काही नाही.
मागे इंजिनानं शिटी दिली, कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं.
मी हात हलवत राहिलो.

मग आतून, पत्र्यावर,
दोन थापा.