झाडाच्या वतीने

तोरिनुमा नगरपालिका, दुसरा मजला.
रॉकेलच्या शेगडीवर किटली पुटपुटतेय.
शहराची ओळख लिहायचीय मला, एका पानात,
फोटोला जागा सोडून.

शहर म्हणायला लागतात तेवढी माणसं उरलेली नाहीत,
पण पदवी एकदा दिली की कुणी परत मागत नाही.
शहराचं फूल : दलदलीतली लिली.
शहराचा पक्षी : करकोचा. सात वर्षांत दिसला नाही,
ठराव मात्र कायम आहे.
लोकसंख्या : जुन्या आकड्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर नवा आकडा.
पट्टीखाली पट्टी, तिच्याखाली आणखी एक;
नखाने खरवडत गेलं
तर तळाशी कुठेतरी
मी जन्मले तेव्हा वाढलेला एक सापडेल.

उद्योग : मेणबत्त्या.
म्हणजे ओझेकीबाई. बाकीचे गेले.
लव्हाळ्याची वात फिरवत ती तळहाताने मेण चढवते,
थरावर थर, चाळीस हिवाळे,
हातावरच्या रेषा बुजून गेल्यात.
"बरंच झालं," म्हणते,
"भविष्य बघायला तरी आता कुणी हात मागणार नाही."
हे लिहिलं आणि खोडलं.
वर लिहिलं : हस्तकला.

पाच वाजले की खांबांवरचे कर्णे
मुलांनो घरी जा, अशी धून वाजवतात.
शाळा बंद होऊन तीन वर्षं झाली.
धून बंद करायला वेगळा अर्ज लागतो,
तो कुणी केलेला नाही.
मग कुनिमात्सु आजोबाच उठतात बाकावरून,
टोपी नीट करतात
आणि शहाण्यासारखे घरी जातात.

परंपरा : तीन ओळींत बसवा, असं वरून आलंय.
जानेवारीची पंधरा तारीख, लाल चवळीची पेज,
कुऱ्हाड घेऊन झाडाला धमकावायची रीत.
एकाने विचारायचं, दुसऱ्याने बुंध्याआड लपून
झाडाच्या वतीने बोलायचं.
दुसरा म्हणजे नेहमी लहान मूल.
गेल्या वर्षी नातू झाड झाला होता, नागोयाहून.
फांदीला टांगलेला फोन
"ध—" म्हणाला आणि रेंज गेली.
तरी पर्सिमन लागले. थोडे.
अर्ध्या शब्दापुरते.

यंदा मी गेले, फोटो काढायला.
गुडघाभर बर्फ, पायात ऑफिसचे बूट.
आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"कुवाबारांची धाकटी ना तू? जा, मागे उभी राहा."

बुंध्याला गाल टेकला.
साल तडकलेल्या चिखलासारखी.
पलीकडून म्हातारा आवाज, एकदम कडक :
"फळ धरणार की नाही? नाही धरलंस तर तोडून टाकीन."

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला
हे आधीही विचारून झालंय,
एकदा सासूने, एकदा एका डॉक्टरने,
कुऱ्हाडीशिवाय.
तेव्हा मी छताकडे बघत होते.

आताही लगेच बोलता आलं नाही.
फांदीवरचा बर्फ धपकन पडला.
विहिरीपलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकून गप्प झालं.
आजोबा थांबलेच होते.
उचललेली कुऱ्हाड, नव्वदीचे हात,
पातं थरथरताना दिसत होतं मला
बुंध्याच्या कडेने.

"धरीन," मी म्हणाले.
"धरीन, धरीन, धरीन,"
आमच्या इथल्या हेलात,
जो मी ऑफिसात गिळून टाकते.

टक्. सालीवर एवढीशी खाच.
मग त्यांनी वाडग्यातली पेज चमच्यात घेतली,
फुंकर घातली
आणि त्या खाचेत भरवली,
लहानाला भरवतात तशी.
उरलेली माझ्यापुढे केली,
त्याच चमच्यात.
सालीचा कण दाताखाली आला.
तुरट.

फोटो राहून गेला.