रेंजचा धोंडा

कणकुंबीच्या पलीकडे डांबर संपतं, मग वाडी,
वाडीवरून पाऊण तासाची चढण, आणि एक काळा कातळ.
नकाशात त्याला नाव नाही.
वाडीत त्याला रेंजचा धोंडा म्हणतात.
दोन काड्या येतात, त्याही डाव्या कडेला,
त्याही गोव्याकडे तोंड केलं तर.

दर रविवारी ओमाण्णा घाडी वर जातो,
सहा घरांचे सहा मोबाइल पिशवीत घालून.
निरोप तोंडपाठ: भात मळून झालं,
म्हशीला रेडी झाली,
सातेरीचा दात काढला.
येताना उत्तरं आणतो. निम्मी वाटेत विसरतो,
त्या जागी स्वतःची घालतो.
आजवर कुणाची तक्रार नाही.

आम्ही जानेवारीत गेलो,
मी आणि शिवलीला हुक्केरी,
हेलियमचं नळकांडं, थर्माकोलची पेटी,
पेटीत रिपीटर, अँटेना,
आणि वर उणे साठमध्ये गोठू नये म्हणून
माझ्या जुन्या स्वेटरच्या बाहीत कोंबलेली बॅटरी.
पेटीवर तीन भाषांत लिहिलेलं:
घाबरू नका. स्फोटक नाही. या नंबरवर फोन करा.

"वीस किलोमीटर," मी ओमाण्णाला म्हटलं,
"विमानाच्या दुप्पट उंच.
टॉवरला डोंगर आडवा येतो, उपग्रह फार लांब.
मधला मजला रिकामाच आहे.
तिथं एक खोली घ्यायची, असं समजा."
"भाडं कोण भरणार?"
याचं उत्तर माझ्या प्रबंधाच्या सातव्या प्रकरणात आहे.
मार्गदर्शकांनी तिथं पेन्सिलीनं फुली मारलीय.

फुगा सोडला.
आधी भोपळ्याएवढा, मग लिंबाएवढा, मग मानेला कळ.

अकरा चाळीसला
चुलीपाशी, फडताळात, खुंटीवरच्या झोळीत
सहाच्या सहा फोन एकदम केकाटले.
गोव्यात आपले स्वागत. कर्नाटकात आपले स्वागत.
पुन्हा गोव्यात.
बँकेचा ओटीपी, सहा दिवस शिळा.
कुत्री भुंकायला लागली.
"घरात रेंज येऊलालीय गं!" कुणीतरी ओरडलं,
साप निघाल्यासारखं.

शेवंताक्काचा फोन तर वाजतच राहिला.
वास्कोहून, गोदीतून, तिचा पुनाजी.
तिनं तो पदरात घेतला
आणि चढणीला लागली.
मी मागून हाका मारल्या, इथूनच बोला, अक्का, इथूनच!
तिनं हातानंच थांब म्हटलं.
बोलायचं ते धोंड्यावर,
घरात कुणी असं बोलतं का.

अडतीस मिनिटं टिकलं सगळं.
मग वर कुठंतरी रबर फाटलं,
आवाज आला नाही, आलेख तेवढा खाली आला.
नोंदवहीत मी लिहिलं:
सहापैकी एक ग्राहक चालता.
शेवंताक्का तेव्हा नुकती पोचली होती,
डाव्या कडेला टेकली,
गोव्याकडे तोंड केलं
आणि नेहमीच्या दोन काड्यांवर
लेकाला म्हणाली, हां, बोल आता.

ओमाण्णा रिकामी पिशवी मांडीवर घेऊन
पायरीवर बसून होता.
रविवार होता ना तो.

संध्याकाळी बैलहोंगलकडून फोन आला.
"निम्म डब्बी नम्म जोळद होलदाग बिद्दैतिरी."
शिवलीला हसत हसत बोलत होती, मग थबकली.
काय झालं, मी विचारलं.
पेटी फुटलीय, म्हणाली,
त्यांना ज्वारीत एक बाही सापडलीय.
विचारताहेत,
माणूस कुठं पडला?