न्हाव्याचं घड्याळ

कारखान्याचा भोंगा बंद झाला
आणि मला आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ लागलं.
एकतीस वर्षं भोंग्यानं उठवलं, भोंग्यानं जेवू घातलं.
आता गाडीच्या शेडमध्ये मी, रंधा,
तीन पायांची एक खुर्ची, चौथ्याची वाट पाहणारी,
आणि सरसाच्या डब्यावरची ओळ :
वीस मिनिटं घट्ट आवळून ठेवा.

वीस मिनिटं म्हणजे किती?
मी अंदाजानं धरायची.
त्यातली एक खुर्ची चर्चच्या हॉलमध्ये
पास्टरबाईंसकट खाली बसली.

मग दुकानात गेले.
एकावर कोंबडा, एकावर रोमन आकडे,
एक इतकं गप्प की चालू आहे का, विचारावं लागलं.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
हे घ्या, बॅटरीची कटकट नाही, उन्हावर चालतं.
दक्षिणेकडचा असावा, नवीन.
आमच्याकडे डिसेंबरात सूर्य येतो तो
कोट न काढता, दारातूनच, एका कॉफीपुरता.
मी काही बोलले नाही. हातमोजे घालून परत आले.

शेवटी आर्मास न्हाव्यानं दिलं.
त्याचं दुकान त्याच आठवड्यात मिटत होतं.
आरसे सुनेनं नेले, फिरती खुर्ची कुणा हौशी माणसानं.
उरलं हे : गिऱ्हाइकाच्या पाठीमागच्या भिंतीवरचं,
आकडे उलटे, काटे डावीकडे निघालेले,
म्हणजे समोरच्या आरशात बघावं
तर सगळं सरळ.
"आणि आरसा?"
"तो तुझा तू बघ, केर्त्तू."

करवतींनी समोरची भिंत अडवलेली,
म्हणून मागे टांगलं, विसरले.
नोव्हेंबरात एका दुपारी दिवा लावला,
बाहेर डांबरासारखा काळोख,
आणि समोरच्या खिडकीच्या काचेत,
माझ्या टोपीच्या जरासं वर,
साडेतीन वाजले होते.

तो सबंध हिवाळा माझा एकही सांधा सुटला नाही.
भाच्याचा मुलगा, वेरनेरी, शाळा सुटली की इथेच असायचा,
स्टोव्हजवळ खोक्यावर बसून भुशात बोटानं
वर्तुळं काढायचा. घड्याळ वाचायला तो इथेच शिकला,
थेट भिंतीवर बघून.
मार्चमध्ये बाईंची चिठ्ठी आली : मुलगा उलटा मोजतो.
मी खाली लिहून पाठवलं :
त्याला काळोख्या खिडकीकडे तोंड करून बसवा.

एप्रिलपासून काच फिकट होत गेली.
पाचाच्या जागी भूर्जाची फांदी आली,
मग नऊ गेले, मग मिनिटकाटा
शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या जाळ्यात अडकला.
जूनमध्ये तर नुसतं अंगण. रात्री अकराला अंगण,
दोनला अंगण, त्यात माझाच सायकलपंप.
मान वळवून वाचता आलं असतं, येतंही,
पण डोक्यात सगळं उलटं करीपर्यंत
हातातलं लाकूड रुसतं.
तेव्हा उन्हाळ्यात मी तास बघत नाही. तासते.
ढलप्या घोट्याच्या वर आल्या
की जेवायचं.

काल आर्मास आला, मध्यरात्र असेल किंवा नसेल,
डास वारत. सवयीनं खिडकीकडे पाहिलं,
काही दिसेना, तेव्हा वळला
आणि भिंतीपुढे कितीतरी वेळ उभा राहिला.
"चव्वेचाळीस वर्षं," म्हणाला,
"मी हे आरशातच बघितलं गं.
किती वाजलेत?"

सगळे शिकंजे अडकलेले होते
आणि चौथ्या पायाला सरस नुकताच लावला होता.
"विचारू नकोस. हे धर," मी म्हटलं.
त्यानं बाह्या वर केल्या,
गिऱ्हाइकाचं डोकं धरावं तसं
दोन्ही तळव्यांत धरलं,
किंचित डावीकडे कललेलं.