चौथी पाळी

आमच्या खाणीत तीनच पाळ्या असत.
ही चौथी: पहाटे पावणेपाच, रबरी बूट,
थर्मासात कॉफी, गळ्यात जुन्या बाजारातली लेन्स.
तिच्या आत बुरशीचं बारकं जाळं आहे,
म्हणून माझ्या प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात
थोडं धुकं असतंच. लोक म्हणतात, किती छान.

तळं नकाशात नाही.
नकाशात आहे ट्रुडाची सफरचंदांची बाग
आणि कोबीचे चार वाफे.
सातशे मीटर खाली, सत्त्याऐंशी साली,
आम्ही कोळसा काढला, मग टेकू काढले,
आणि वर बाग कुरकुर न करता बसत गेली,
वर्षाला एक पायरी.
मग पाणी आलं. मग कुठून कोण जाणे, मासे.
मग टिबुकल्या.

ट्रुडा अजून रस्त्यात गाठून विचारते,
"गिंटर, माझ्या झाडांवर आज कोण बसलंय?"
पाणकावळे, मी सांगतो. सात.
वाळक्या फांद्यांवर पंख उघडून,
दोरीवर टाकलेले कोट.
"भाडं द्या म्हणावं."

मार्चात बर्फ कडेने सुटतो
आणि शेंडीवाल्या टिटव्या येतात,
पडता पडता स्वतःला सावरत.
मी बटण दाबतो तोवर त्या तिथे नसतात.
माझ्याकडे रिकाम्या आकाशाचे
दोनशे चौदा उत्तम फोटो आहेत.

एप्रिलात मोठ्या टिबुकल्यांची जोडी
समोरासमोर उभी राहते पाण्यावर,
छातीला छाती, चोचीत शेवाळाचा झुबका, पाणी निथळतंय.
हिल्डा होती तेव्हा आम्ही असेच उभे राहायचो
ओली चादर पिळायला.
हा फोटो मी काढत नाही.

मे महिन्याचं मला सांगता येणार नाही.
मेमध्ये सगळेच एकदम बोलतात.

ऑगस्टात पाणी ओसरतं. चिखलातून
ट्रुडाच्या कुंपणाचं फाटक वर येतं
आणि फाटकाच्या दांडीवर, शेपूट हलवत, एक तुतवार.
चार दिवस राहतो, खातो, जातो
दक्षिणेला, फार लांब,
जिथे थंडीतही चिखल मऊ असतो.
तिथेही कुणीतरी त्याला बघत असेल,
म्हणत असेल, आला बघा आमचा.

ऑक्टोबरात कंपनीचा माणूस आला. कोरे बूट, फाइल.
खड्डा भरायचाय म्हणाला, खाणीतलाच दगड टाकून.
"दुर्मिळ पक्षी वगैरे असेल तर सांगा. पुरावा लागेल."

बोंक आहे, मी म्हणालो.
बोरूच्या बनातला बगळा, बोरूच्याच रंगाचा,
मान ताणून उभा राहिला की बोरूच.
वसंतात रात्री घुमतो,
रिकाम्या बाटलीत कुणी फुंकावं तसा.
पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंथरुणात उठून बसलो:
वाटलं, खाली कुठेतरी छत बोलतंय.
खाणीत छत पडायच्या आधी बोलतं.
ऐकणारे घरी येतात.

"फोटो?"
तीन आहेत. तिन्हींत बोरू.

डिसेंबरची चार तारीख, संत बार्बराचा दिवस.
पहाटे बँड गल्लीतून गेला,
टोप्यांवर काळ्या पिसांचे तुरे.
मी कपाटातला माझा तुरा फक्त झटकला
आणि ट्रुडाच्या स्वयंपाकघरात फोटो मांडले.
तिने शिवणाचं भिंग आणलं.
तिसऱ्यावर बराच वेळ थांबली, डाव्या कोपऱ्यात.
"हा डोळा आहे."
बुरशी आहे, ट्रुडा. लेन्समधली.
"मला काय सांगतोस? माझ्याच बागेतून बघतोय तो."

पाकिटावर तिकीट तिनेच चिकटवलं.

परतताना तळ्यावर गेलो.
बर्फ धरत होता. मधे एक काळी फट,
जेमतेम टेबलाएवढी,
आणि चौदा बदकं ती गोठू देत नव्हती:
गोल गोल पोहत,
काही कडेला चोच पंखात खुपसून झोपलेली,
मग ती उठत, दुसरी झोपत,
पाळीपाळीने.