वीत आणि चार बोटं

शाल्मलीचा शाळेतला पृथ्वीगोल
ह्यांनी माळ्यावरून काढला, ओल्या फडक्यानं पुसला.
सायबेरियावर तिनं कधीतरी शाई सांडलीये,
ती काही निघाली नाही.

मग माझ्याकडे धागा मागितला.
मी फॉल लावत बसले होते मोरपंखी साडीला,
रीळ तसंच पुढे केलं.

एक टोक नेरूळवर अंगठ्यानं दाबलं. म्हणजे
नेरूळ कुठलं असायला त्या गोलावर,
मुंबईचाच ठिपका,
खाडी ओलांडून आम्ही त्यातच राहतो असं समजायचं.
दुसरं टोक कॅलगरीला.
मला वाटलं धागा युरोपावरून जाईल.
तो नाकासमोर उत्तरेला चढला
आणि ध्रुवावरच्या पितळी स्क्रूला अडकला.
"बघ," हे म्हणाले,
"वरून गेलं की पलीकडेच आहे ती."

पट्टीवर एकोणतीस सेंटीमीटर भरलं.
मी आपली वीत लावली, वीत आणि चार बोटं.
ह्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर गुणाकार केला:
बारा हजार दोनशे किलोमीटर,
धाग्याच्या ताणापायी शंभरेक इकडेतिकडे.

तीस वर्षं ह्या माणसानं जमीन मोजली.
उलव्याला, मिठागरांच्या बांधांवर, भरती यायच्या आत.
चिखलात साखळीच्या कड्या रुतायच्या
आणि निवटे उड्या मारत हिशोब चुकवायचे.
घरी यायचे ते घोट्यापर्यंत
राखाडी मोजे घालून, चिखलाचे.
आमच्या खात्यात पृथ्वी सपाट होती, म्हणतात,
सपाट धरली तरच प्लॉट पडतात.
निवृत्तीनंतर गोल निघाली.

विमान काही ह्या धाग्यावरून जात नाही.
आमच्या ऑक्टोबरच्या तिकिटात फ्रँकफुर्टचा वळसा आहे,
सहा तास बाकावर.
तो वळसा ह्यांना खिसा कापल्यासारखा लागला.
खाडीत उतरलेल्या रोहित पक्ष्यांकडे बघत
बाल्कनीत बराच वेळ उभे होते.

रात्री तिचा फोन. तिच्याकडे सकाळ,
मागे कॉफीच्या मशीनची घरघर.
ह्यांनी आकडा सांगितला. ती हसली,
"बाबा, इथं कुणी किलोमीटर विचारत नाही,
तास विचारतात."
मी कुर्त्याची मापं विचारली.
खांदा? तोच. बाही? तीच.
कंबर?
मध्ये जरा वेळ गेला,
फोनवर नेहमी जातो तो नव्हे, दुसरा.
"सैल धर, आई. दोन इंच.
नाहीतर एवढ्यात शिवूच नकोस."

हे गोल फिरवत होते, ह्यांना काही कळलं नाही.
स्क्रूत अडकलेला धागा मी नखानं सोडवला,
सुईत ओवला.
पांढऱ्या मलमलवर मोरपंखी दिसणार,
तरी ओवला.

"बारा हजार दोनशे," हे पुन्हा म्हणाले.
"आणि वर दोन इंच," मी म्हटलं.