पिवळं राखायचं असेल तर

जेवणानंतर वॉकर बदलतात.
सत्तावीस वॉकर, सगळे एकाच राखाडी वाणाचे,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे.
परवा नस्तिया पावलिशिन कुणाचा तरी घेऊन खोलीत गेली
आणि ओसिप माझुर तिचा घेऊन तासभर
स्वतःच्याच उंचीशी भांडत राहिला.

"माझ्यावर हरीण काढ," ती म्हणाली.
"हरीण म्हणजे हरीण. शेळी नको."

मी शाळेच्या बस दुरुस्त करते, यॉर्कटनच्या डेपोत.
मला कुठून येणार हरीण?

पण गॅरेजात ओव्हन आहे,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला.
दारावर मी खडूनं लिहून ठेवलंय: इथे पुन्हा पाव नाही.
एकदा रंग शिजला की अन्नाशी नातं तुटतं,
कितीही घासा.

अख्खा वॉकर काही त्यात मावेना.
पुढची आडवी पट्टी तेवढी सुटी केली,
जुना लेप खरवडला, स्पिरिटनं पुसली,
आणि मग बोट लावायचं नाही, अगदी मायेनंही नाही.

बाहेर उणे एकतीस. हवा इतकी कोरडी
की स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या दिसतात.
पट्टीला चिमटा, चिमट्याला तार,
तार जमिनीत पुरलेल्या सळईला.
बंदूक दाबली तर पिवळा ढग उठला
आणि आपणहून वळला,
पट्टीच्या मागच्या अंगालाही जाऊन बसला,
बातमी लागताच माणसं जमावीत तसा.
नुसता बसलाय अजून. जडलेला नाही.
आता खोकायचं नाही, हसायचं नाही.

चारशेवर काटा. वीस मिनिटं.
काचेतून बघत राहिले:
भुकटी आधी काळवंडल्यासारखी होते,
मग तिला घाम फुटतो,
आणि मग एका क्षणी, तो नेमका कुठला ते मला आजवर सापडलेलं नाही,
ती पृष्ठभाग होते.

हरीण नस्तियानं सांगितलं, मी कापलं.
सत्तर वर्षं तिनं ईस्टरच्या अंड्यांवर मेणानं लिहिलं.
आता हातात कप धरला तरी चहा बशीत पोचतो.
ब्लँकेट गुंडाळून ती टायरवर बसली होती,
आणि माझ्या सुरीला ओरडत होती:
"शिंगं वर नाहीत गं, मागे! पळतंय ते!"

हिरवी टेप, भट्टीची धग सोसणारी. चार पाय, एक मान,
शिंगांना अकरा वेळा सुरी.
मी ते पिवळ्यावर चिकटवलं,
कडा नखानं दाबल्या.
ती बराच वेळ बघत राहिली.
"हे तर आमचंच," म्हणाली. "मेणाऐवजी टेप, एवढंच.
पिवळं राखायचं असेल तर पिवळ्याला झाकायचं.
मग सगळं काळ्यात घालायचं. आणि भ्यायचं नाही."
मग थोड्या वेळानं: "दोनच रंग? आळशी आहेस."

काळा चढला. छान चढला.
शेपटी चुकली हे सांगायला तिनं मास्क खाली ओढला
आणि शिंकली.

अर्धी रात्र उडून गेली.
फुंकून, पुसून, पुन्हा. दुसरी टेप, दुसरं हरीण,
या वेळी शेपटी तिच्या मनासारखी.

भाजायच्या आधी टेप सोलावी लागते,
चिमट्यानं, श्वास धरून,
एका बाजूनं हळू, जखमेवरची पट्टी काढतात तशी.
खालून पिवळं निघालं. धावत.

मागच्या एका खुरापाशी मात्र काळं आत शिरलंय.
घासून पुन्हा करते म्हटलं.
"राहू दे," नस्तिया म्हणाली.
"चोरीला गेला तर पोलिसांना खूण सांगता येईल."

काल ओसिप माझुरनं मला गाठलं.
त्याला कम्बाइन हार्वेस्टर हवाय, जुन्या बनावटीचा, आणि तोही लाल.
बघू म्हटलं.

आज सकाळी चौदा नंबरच्या बसखाली पडल्या पडल्या
बाहीला काहीतरी टोचलं.
पहिलं हरीण. चुकीच्या शेपटीचं,
काळ्या भुकटीनं माखलेलं.
मी ते सोलून
बसच्या पोटाला लावून दिलं,
वर पोरं चढत होती.