लडलोच्या पुढे पाच मैल

मुख्याध्यापिका म्हणाल्या, मला टेसा म्हणा.
माझ्या जिभेवर अजून मिरजेच्या शाळेतल्या
गोडबोले बाई, ‘हात पुढे कर’ म्हणणाऱ्या.
मी टेसा म्हणाले नाही. मॅडमही नाही.
नुसतीच हसत राहिले दीड तास.

इथे घंटा नाही. गणवेश नाही.
दोन शेळ्या आहेत, त्यांच्या धारा काढायची पाळी
सातवीच्या मुलांकडे.
एक मुलगा अनवाणी, फांदीवर बसून
अपूर्णांक सोडवत होता,
किंवा सोडवत नव्हता. कुणी विचारलं नाही.
श्रीरंगने मात्र फीचा कागद तीनदा उलटून पाहिला,
जणू मागच्या बाजूला
कमी आकडा असेल.

ऋजुता, जिने लेस्टरच्या शाळेत
दोन वर्षांत एकदाही हात वर केला नाही,
तिने एकच विचारलं:
इथे रात्री दिवा कोण मालवतं?
टेसा म्हणाल्या, ज्याला शेवटी झोप येते तो.

परतताना मेंढ्या, धुकं, पेट्रोलचा काटा खाली.
डब्यातल्या धपाट्यांना कुणी हात लावला नाही.
फॉर्मवर दोन चौकोन:
रोज घरी. मुक्कामी.
घरापासून दोन तास. म्हणजे पहिला चौकोन
आपल्यासाठी नाहीच,
हे श्रीरंग बोलला नाही. मीही नाही.

ती मागे झोपलेली,
मुठीत शेळीपुढचं वाळकं गवत.
फॉर्म घडी घालून ठेवला,
गाडीतला बारका दिवा मालवायला हात उचलला,
तर अंधारातून म्हणाली,
राहू दे आई. मी करते.